वेष, क्रियापद आणि मित्रमंडळ : नव्या लिंगभाव-ओळखीने परिचितांसमोर येण्याचा प्रश्न

१. प्रास्ताविक

व्यक्तीची सामाजिक ओळख घर, गाव, जात, शिक्षण व व्यवसाय अशा अनेक घटकांतून घडते. त्यांपैकी लिंगभाव हा घटक इतका गृहीत धरला जातो की तो विचाराचा विषय आहे, हेच सहसा ध्यानात येत नाही. जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली एखादी व्यक्ती प्रौढ वयात स्त्रीच्या वेषात, स्त्रीच्या नावाने परिचितांसमोर उभी राहते, किंवा मुलगी म्हणून वाढलेली व्यक्ती पुरुष म्हणून पुढे येते, तेव्हा मात्र या गृहीताला प्रथमच धक्का बसतो. तो धक्का त्या व्यक्तीला बसतो, त्याचप्रमाणे तिच्या मित्रमंडळालाही बसतो.

तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींविषयी मराठीत गेल्या दोन दशकांत बरेच लेखन झाले. त्याचा भर मुख्यतः कायदा, आरोग्य आणि उपजीविका या प्रश्नांवर राहिला व तो योग्यही होता. प्रस्तुत लेखात त्याहून लहान वाटणाऱ्या एका प्रश्नाचा विचार केला आहे. ज्या मित्रांबरोबर व्यक्ती कालपर्यंत एका बाकावर बसत होती, एस.टी.ने ये-जा करीत होती, त्याच मित्रांसमोर नव्या लिंगभाव-रूपात येणे म्हणजे नेमके काय ? त्यात कोणत्या अडचणी असतात, आणि त्या सुकर करण्यात महाविद्यालयीन अध्यापकाचा वाटा कोणता असू शकतो ? इंदापूर तालुक्यातील शेळगाव व त्याच्या परिसरातील बारामती, इंदापूर आणि नीरा नदीपलीकडील माळशिरस हा भाग डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले आहे. या परिसरातील महाविद्यालयांत बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात. त्यांचे मित्रमंडळ, नातेवाईक आणि शेजारी ही वर्तुळे एकमेकांत मिसळलेली असतात. त्यामुळे हा प्रश्न येथे विशेष तीव्रतेने जाणवतो.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

विवेचनाच्या सोयीसाठी चार संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. 'लिंग' म्हणजे शरीराची जैविक वैशिष्ट्ये. 'लिंगभाव' म्हणजे स्त्री वा पुरुष असण्याविषयी समाजाने रुजविलेल्या अपेक्षा. 'लिंगभाव-ओळख' म्हणजे व्यक्तीला स्वतःविषयी अंतर्यामी असलेली जाणीव, आणि 'लिंगभाव-अभिव्यक्ती' म्हणजे वेष, केशरचना, आवाज, हावभाव, नाव यांद्वारे त्या जाणिवेचे होणारे बाह्य दर्शन. प्रस्तुत लेखाचा विषय या चौथ्या संज्ञेशी निगडित आहे.

येथे दोन गैरसमज दूर करावे लागतात. पहिला, वेष बदलणारी प्रत्येक व्यक्ती शस्त्रक्रिया करतेच असे नाही. अनेकांना तिची गरजही वाटत नाही. दुसरा, हा मानसिक आजार आहे ही समजूत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत लिंगभाव-विसंगती ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आली. तथापि, ज्या व्यक्तीला आपली ओळख वर्षानुवर्षे दडवावी लागते, तिला मानसिक ताण सोसावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. तो ताण ओळखीमुळे नसून दडवणुकीमुळे असतो.

३. वेषांतराला समाजाने दिलेल्या जागा

मराठी समाजाला पुरुषाने स्त्रीवेष धारण करणे अपरिचित नाही. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांनी एका पिढीला मोहिनी घातली. त्यांच्या लुगडे नेसण्याच्या व दागिने ल्यायच्या पद्धतीचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत असत. तमाशातील नाच्या हे पात्र तर ग्रामीण प्रेक्षकाच्या नित्य परिचयाचे. यल्लम्माला वाहिलेले जोगते लुगडे नेसून, डोक्यावर जग घेऊन दारोदार जोगवा मागतात. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीने त्यांचे जीवन मराठी साहित्यात आणले, आणि गवस यांच्याच लेखनावर आधारलेल्या 'जोगवा' (२००९) या चित्रपटाने ते मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचविले. हिजडा समाजाची गुरू-चेला परंपरा व तिची घराणी हीदेखील अशीच एक मान्य व्यवस्था आहे.

याचा अर्थ आपला समाज या बाबतीत उदार होता, असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतात. तो अर्धाच खरा आहे. या सर्व जागा बारकाईने पाहिल्या असता त्यांतील एक समान अट दिसून येते. रंगभूमीवरील स्त्रीवेष नाटकाचा पडदा पडताच उतरावा लागतो. जोगत्याचा वेष देवीच्या आज्ञेचा मानला जातो. त्यात व्यक्तीच्या इच्छेला स्थान नाही. गुरूच्या घरी गेलेली व्यक्ती जन्मघर व जुने सवंगडी मागे सोडते. थोडक्यात, समाजाने वेषांतराला जागा दिली, पण ती नित्याच्या जीवनाबाहेर. रंगमंच, देवस्थान किंवा वेगळी वस्ती यांच्या सीमेत असेपर्यंत ते सह्य झाले. सीमा ओलांडणाऱ्याला काय सोसावे लागते, याचे उदाहरण म्हणजे अभिनेते गणपत पाटील. नाच्याच्या भूमिकांमुळे प्रत्यक्ष जीवनातही त्यांच्या वाट्याला कुचेष्टा आली. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीत व तिच्यावरील २०१० च्या चित्रपटात हेच दुःख केंद्रस्थानी आहे.

मित्रांमध्ये नव्या रूपात येऊ पाहणारी आजची तरुण व्यक्ती यांपैकी कोणतीच जागा मागत नाही. तिला तमाशात जायचे नाही, देवाला वाहून घ्यायचे नाही, घर सोडून वेगळ्या वस्तीत राहायचे नाही. तिला त्याच वर्गात, त्याच टपरीवर, त्याच मित्रांत राहायचे आहे. फक्त स्वतःच्या खऱ्या रूपात. या मागणीचे नावीन्य येथे आहे, आणि तिला होणाऱ्या विरोधाचे मूळही येथेच आहे.

४. कायदा आणि सार्वजनिक दर्शन

सार्वजनिक ठिकाणी कोणत्या वेषात दिसावे, यात एके काळी कायद्यानेही हस्तक्षेप केला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात, नोंदणीकृत 'षंढ' व्यक्ती सार्वजनिक रस्त्यावरून दिसेल अशा रीतीने स्त्रीवेषात किंवा स्त्रीचे अलंकार घालून आढळल्यास तिला विनावॉरंट अटक करण्याची व दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. हा भाग मुख्यतः उत्तर भारतात राबविला गेला. त्याची शब्दरचना सूचक आहे. या कलमाने गुन्हा ठरविला तो लोकांच्या दृष्टीस पडणे हाच.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर दिलेल्या निर्णयाने ही दृष्टी उलटी केली. न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या पीठाने वेष, शब्द, कृती वा वर्तन यांतून आपला लिंगभाव व्यक्त करणे हे संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत मानले. या प्रकरणात पुण्यात जन्मलेल्या गौरी सावंत याही याचिकाकर्त्यांपैकी होत्या. त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला. तो जानेवारी २०२० मध्ये अमलात आला. शिक्षणसंस्थांत भेदभावास मनाई करणे व प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारणासाठी अधिकारी नेमणे या तरतुदी या कायद्याने केल्या.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच लिंगाच्या रकान्यात 'इतर' हा पर्याय देण्यात आला. त्यात देशभर ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. मात्र जनगणनेत माहिती बहुधा कुटुंबप्रमुख देतो. ज्याने अद्याप आपल्या जिवलग मित्रालाही सांगितलेले नाही, तो तरुण या आकड्यात नसणार, हे उघड आहे.

५. मराठी क्रियापदाची साक्ष

वेषाइतकीच, किंबहुना अधिक, निर्णायक असलेली बाब म्हणजे भाषा. इंग्रजीत प्रथमपुरुषी बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात दिसत नाही. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही. मराठीत मात्र 'मी येतो' किंवा 'मी येते' यांपैकी एक निवडल्यावाचून येत असल्याचे सांगता येत नाही. म्हणजेच मराठी बोलणारी व्यक्ती दिवसातून शेकडो वेळा आपला लिंगभाव उच्चारत असते. साडी नेसणे टाळता येईल, 'मी आले' टाळणे कठीण.

कठीण, पण अशक्य नव्हे. 'मी जाईन' या भविष्यकाळी रूपात लिंगभेद नाही. 'मी काम केले' या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते. 'मला वाटते', 'मला जायचे आहे' या रचनांत बोलणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते. आपली ओळख अद्याप उघड न केलेली व्यक्ती अशा वाक्यांच्या आश्रयाने दीर्घ काळ बोलू शकते. एखादा विद्यार्थी 'मी आलो होतो' याऐवजी 'माझे येणे झाले होते' असे म्हणत असेल, तर तो केवळ शैलीचा भाग असेलच असे नाही.

मध्यमपुरुषात हा प्रश्न समोरच्या मित्राच्या हाती जातो. 'तू कधी आलास ?' की 'तू कधी आलीस ?', 'काय रे' की 'काय गं' ? 'अरे'ची 'अगं' होणे हे एका अक्षराचे अंतर वाटते; परंतु मैत्रीतील मान्यता त्या एका अक्षरात सामावलेली असते. वेष ही त्या व्यक्तीची मांडणी आहे, आणि 'गं' हे मित्रमंडळाचे उत्तर. उत्तराशिवाय मांडणी अपुरी राहते. याहूनही मोठी कसोटी तृतीयपुरुषाची. ती व्यक्ती समोर नसताना तिचे मित्र आपापसात 'तो' म्हणतात की 'ती', यावरून त्यांनी तिला खरोखर स्वीकारले की केवळ तोंडदेखले सांभाळून घेतले, हे कळते. नपुंसकलिंगाचाही येथे दुहेरी वापर होतो. 'ते पोरगं', 'लेकरू' यांत माया आहे. तर प्रौढ व्यक्तीस उद्देशून 'ते आलं बघ' असे म्हणण्यात सरळ अवहेलना आहे.

भाषेचे हे नियम निसर्गनियम नाहीत, याचा पुरावाही मराठीतच आहे. कोल्हापूर परिसरात अनेक स्त्रिया 'मी येतो', 'मी गेलो' असे सहज बोलतात व त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणाला शंका येत नाही. पंढरीच्या वाटेवर पुरुष आणि स्त्री दोघांनाही 'माउली' अशी हाक मारली जाते. ज्ञानेश्वरांसारख्या पुरुष संताला मातृवाचक नाम देऊन वारकरी परंपरेने ते सात शतके सांभाळले. तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला जाते. शेळगावच्या परिसराला हे संबोधन नवे नाही. तात्पर्य, संबोधनाने व्यक्तीला सामावून घेण्याची क्षमता आपल्या भाषेत आहे. प्रश्न ती वापरण्याच्या इच्छेचा आहे.

६. गाव, शहर आणि परिचितांचे वर्तुळ

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९५६ मध्ये दैनंदिन जीवनातील स्व-सादरीकरणाचा विचार मांडताना रंगमंच व पडद्यामागील जागा यांचे रूपक वापरले. पुढे १९६३ मध्ये लांच्छनाविषयी लिहिताना त्याने दोन स्थिती वेगळ्या केल्या. पहिल्या स्थितीत व्यक्तीचे वेगळेपण सर्वांना ठाऊक असते आणि तिला ताण हाताळावा लागतो. दुसऱ्या स्थितीत ते अद्याप ठाऊक नसते आणि तिला माहिती हाताळावी लागते : कोणाला सांगावे, कोणाला नाही, कधी सांगावे. मित्रांसमोर प्रथम येणे म्हणजे दुसऱ्या स्थितीतून पहिलीत जाणे होय. हा प्रवास बहुधा एकमार्गी असतो, एकदा सांगितलेले परत घेता येत नाही.

शहरात या प्रवासाला टप्पे असतात. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टची स्थापना केली व २०११ मध्ये तेथे पहिली अभिमान पदयात्रा निघाली. अशा संस्था व कार्यक्रमांमुळे व्यक्तीला आधी अनोळखी, पण समानधर्मी लोकांत वावरून पाहता येते. गर्दीतील अनामिकता हे शहराचे वरदान आहे. गावात मात्र अनोळखी कोणी नसते. 'तू कोणाचा ?' हा गावातील पहिला प्रश्न; त्याचे उत्तर बापाच्या नावाने व भावकीने दिले जाते. त्यामुळे गावातील तरुणाने मित्राला सांगितलेली गोष्ट मित्राच्या घरी, तेथून चावडीवर व तेथून स्वतःच्या घरी पोहोचण्यास एक संध्याकाळ पुरते. मित्राची निवड म्हणजे येथे सर्वस्वाची पणती वाऱ्यावर धरण्यासारखे असते.

परंतु गावाची दुसरी बाजूही आहे. शहरातील अनोळखी माणूस सहन करतो आणि विसरतो. गावातील मित्राने एकदा स्वीकारले की ते स्वीकारणे साक्षीसारखे उभे राहते. लग्नात, जत्रेत, पारावर तो 'ही आमची मैत्रीण' म्हणाला, की इतरांच्या जिभेला आपोआप लगाम बसतो. गावात मान्यता मिळणे दुष्कर, पण मिळाल्यास टिकाऊ असते.

७. तीन उदाहरणे

ही शक्यता केवळ कल्पनेतील नाही. शेळगावच्या दक्षिणेस, नीरा नदीपलीकडे असलेल्या माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावी २०१७ मध्ये ज्ञानेश्वर ऊर्फ माउली कांबळे यांची सरपंचपदी निवड झाली. त्याच वर्षी राज्यात सरपंचाची थेट जनतेतून निवड करण्याची पद्धत आली होती. त्यामुळे हा कौल सदस्यांचा नसून गावाचा होता. तृतीयपंथी म्हणून ओळख असलेल्या व्यक्तीला तिच्याच परिचितांनी, तिला लहानपणापासून पाहिलेल्या लोकांनी निवडून दिले, हे या घटनेचे मर्म होय.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातील. माजलगाव येथे महिला पोलीस शिपाई असलेल्या ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाच्या अनुमतीनंतर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे म्हणून ते त्याच पोलीस दलात पुन्हा रुजू झाले. येथे नोकरी तीच, सहकारी तेच, फक्त नाव व गणवेशातील ओळख बदलली.

तिसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील भादली येथील अंजली यांचे. ग्रामपंचायत निवडणुकीत महिला-राखीव जागेवरील त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून उमेदवारीस अनुमती दिली व त्या निवडूनही आल्या.

तिन्ही उदाहरणांत कायदा, शासन किंवा निवडणूक यांचे साहाय्य झाले. परंतु तिन्हींत समान असलेली गोष्ट वेगळीच आहे : या व्यक्ती आपल्या परिचित वर्तुळातून निघून गेल्या नाहीत. वर राहून लढण्याइतके बळ त्यांच्यापाशी होते. सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यापाशी ते असेलच, असे मानता येत नाही. तो बहुधा शिक्षण सोडतो, आणि त्याच्या हजेरीपटावर केवळ 'गैरहजर' असा शेरा उरतो.

८. महाविद्यालयाचे दायित्व

महाविद्यालयांतही वेषांतराला मर्यादित परवाना असतो. स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने मुलांनी साडी नेसून रंगमंचावर नाचावे, यावर सभागृह खळखळून हसते. हे हसू निरुपद्रवी भासते. परंतु मागच्या रांगेत बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यातून एकच गोष्ट कळते, की आपले खरे रूप येथे विनोद म्हणूनच चालेल. 'फिशपॉन्ड'च्या चिठ्ठ्यांत तर अनेकदा बायकी चालीच्या मुलाला वा मुलासारख्या राहणाऱ्या मुलीला लक्ष्य केले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार लिंगभाव (पारलिंगी ओळखीसह) व लैंगिक कल यांवरून होणारा शारीरिक वा मानसिक छळ रॅगिंगच्या व्याख्येत येतो. चिठ्ठ्या वाचण्यापूर्वी त्या पाहण्याची जबाबदारी समितीवरील अध्यापकांनी घेतल्यास पुष्कळ काही साधेल.

याशिवाय पुढील बाबी अध्यापकाच्या आवाक्यातील आहेत.

(अ) विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून घरी कळवू नये. पालकांना बोलावून घेण्याची आपली सवय इतर प्रसंगी हितकारक असली, तरी येथे ती मारहाण, सक्तीचा विवाह किंवा गृहत्याग यांना कारण ठरू शकते.

(आ) नाव व संबोधन यांबाबत विद्यार्थ्यालाच विचारावे. त्याने अद्याप निश्चय केला नसल्यास मराठीतील 'तुम्ही' हे आदरार्थी रूप उपयोगी पडते. 'तुम्ही कधी आलात ?' यात लिंगभेद नाही. हिंदीतील 'आप आए' व 'आप आईं' यांत तो आहे. मराठीला लाभलेली ही सोय आहे. हजेरी क्रमांकाने घेणे हाही साधा उपाय होय.

(इ) स्वच्छतागृह, वसतिगृह, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांबाबतची व्यवस्था विद्यार्थ्याने मागण्यापूर्वी विचारात घ्यावी. मागावी लागणे म्हणजेच जाहीर करावे लागणे असते.

(ई) नाव व लिंग यांच्या नोंदीतील बदलासाठी प्रचलित नियमांची खातरजमा करून विद्यार्थ्याला लेखी मार्गदर्शन द्यावे. कार्यालयातील खिडकीपाशी चारचौघांत चौकशी होऊ देऊ नये.

(उ) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मित्रमंडळाचा विचार करावा. नव्या रूपात येणाऱ्या व्यक्तीचे समुपदेशन करण्याची कल्पना सर्वांना सुचते. तिच्या मित्रांनाही गोंधळ, संकोच व कधी लोकांच्या बोलण्याची भीती वाटत असते, हे विसरले जाते. त्यांच्याशी, त्या व्यक्तीच्या अनुमतीने, शांतपणे बोलणारा एक अध्यापक पुष्कळदा निर्णायक ठरतो.

९. समारोप

परंपरेने वेषांतराला नित्य जीवनाबाहेरच्या जागा दिल्या; संविधानाने ते अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मानले; परंतु नित्य जीवनात त्याला स्थान देण्याचे काम ना परंपरा करते, ना न्यायालय. ते मित्र, शेजारी व शिक्षक करतात. न्यायालयाला प्रमाणपत्रावरील शब्द बदलण्याचा आदेश देता येतो; 'अरे'ऐवजी 'अगं' म्हणण्याचा आदेश कोणालाच देता येत नाही. तो शब्द आपणहून उच्चारला गेला, तरच त्याला मोल आहे. नव्या रूपात मित्रांसमोर येणारी व्यक्ती वर्गात राहील की हजेरीपटावरून नाहीशी होईल, हे बव्हंशी त्या एका शब्दावर अवलंबून असते. तो शब्द विद्यार्थी परस्परांकडून शिकतात. पण तो वापरण्याचे धैर्य त्यांना पुष्कळदा अध्यापकाच्या तोंडून तो ऐकल्यावरच येते.